कप्तान पाणी शेवटी पितो

दामूभाऊ लग्नातही गळ्यात शिट्टी घालून येतात. शोभेला नव्हे, वाजवायला. मागच्या उन्हाळ्यात आमच्या टोकावड्यातल्या एका लग्नात नवऱ्याचा मामा जेवणाच्या रांगेत मधेच घुसला, तेव्हा भाऊंनी अशी शिट्टी मारली की मामा तर ताट घेऊन मागे गेलाच, पण बाहेर टेम्पो मागे घेणाऱ्यानेही करकचून ब्रेक लावला.

भाऊ माझे शेजारी, घरात एकटेच. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी सगळा गाव आपल्याच गाडीत बसलाय आणि कुणी धड बसलेलं नाही, असं त्यांना वाटतं. रस्त्यावर थुंकणारे, भर उन्हात अंगणातला दिवा चालू ठेवणारे, म्हातारीला जीपमध्ये जागा न देणारे, सगळ्यांवर त्यांचा राग. मी मुरबाडच्या शाळेत शिकवते, म्हणजे माझ्यावर जरा जास्तच. "बाई, तुमची पोरं गुड मॉर्निंग फर्डं बोलतात. पण गाडीत चढताना लेकुरवाळीला कोपर मारतात. ह्याचे मार्क कोन कापतो?"  उत्तर त्यांना नकोच असतं.

रागावून गप्प बसणाऱ्यांतले ते नाहीत. घरामागच्या शेतात भातकापणी झाली की ते जमीन चोपून घेतात आणि गावातल्या नि वरच्या ठाकूरवाडीतल्या पोरापोरींना कबड्डी शिकवतात. डाव साधेच, नियम मात्र भाऊंचे. हात लागला की पंचाने पाहिलं नसलं तरी आपण होऊन बाहेर जायचं. हरलेल्यांचे कपडे जिंकलेल्यांनी झटकायचे. कप्तान दर आठवड्याला बदलायचा, आणि खेळ संपल्यावर सगळ्यांना पाणी वाढून कप्तानाने शेवटी प्यायचं. हंडा रिकामा झाला तर विहिरीवर जायचं, तेही त्यानेच. "कप्तान पानी शेवटी पितो," हे वाक्य त्या शेतात इतक्या वेळा ऐकू येतं की बांधावरच्या म्हशींनाही पाठ असावं.

पोरांचं कौतुक मात्र शून्य. वाडीतल्या सुनीताने एकदा अंतिम सामन्यात, पंचांनी बाद दिलेलं नसताना, हात वर करून स्वतःला बाद करून घेतलं आणि ढाल गेली. मला भरून आलं. भाऊ एवढंच म्हणाले, "पाय कच्चा पडला गो तुजा."

तर शहापूरच्या एका मंडळाने चारित्र्यवान तरुण घडवणाऱ्या उपक्रमांचा गौरव करायचं ठरवलं, तेव्हा मी भाऊंना न विचारताच त्यांचं नाव कळवलं. निवड झाली. भाऊ चार दिवस माझ्या दारावरून तोंड फिरवून गेले. पाचव्या दिवशी विचारलं, पोरांना पण बोलावलंय ना. बोलावलं होतं.

जीप करून आम्ही वेळेवर पोहोचलो. तीच चूक झाली. पाहुणे यायचे होते. पोरं धुतलेले कपडे घालून पुढच्या खुर्च्यांवर ताठ बसली. तास गेला, दीड तास गेला. मग पाहुण्यांच्या आधी त्यांची माणसं आली, आणि छातीला बिल्ला लावलेले एक संयोजक आमच्या पोरांपाशी येऊन म्हणाले, चला, उठा, मागे सतरंजीवर बसा. पोरं उठली. मग त्यांनी दोघातिघांच्या हातात पाण्याच्या बाटल्यांचे ट्रे दिले आणि सांगितलं, स्टेजवर नेऊन ठेवा. स्वतः पोरांना कुणी घोटभर पाणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्या सभागृहात गौरव ह्यांचाच होता, हे लक्षात घ्या. मला अजून लिहिताना कानशिलं तापतात.

सुनीता ट्रे घेऊन तिथेच उभी राहिली. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "सायेब, तुमचा कप्तान कोन?"

संयोजकांना वाटलं पोरगी पाहुण्यांचं नाव विचारतेय. त्यांनी कौतुकाने ते सांगितलं, पदांसकट.

"मंग ते शेवटी पितील," सुनीता म्हणाली, आणि ट्रे घेऊन सतरंजीकडे वळली. आधी लहानग्यांना, मग मोठ्यांना, तिने सगळ्या बाटल्या वाटून टाकल्या.

संयोजक तिच्या अंगावर ओरडले. कुठल्या जंगलातून आणलीत ही, असं म्हणाले. तेव्हा शिट्टी वाजली. निवेदिका अर्ध्या सुविचारावर थांबली. भाऊ पुढे आले. मला वाटलं आता आरडाओरडा. पण आवाज चढला नाही. ते म्हणाले, "पोरांना शिकवायला मला वर्सं लागली. तुमी घंटाभरात पुसायला निघालात. आमी जातो." आणि खरंच गेले. पोरं रांगेने, त्यांच्या मागे मी.

स्टँडजवळ सगळ्यांनी वडापाव खाल्ले. भाऊंनी सगळ्यांचं झाल्यावर घेतला. परतताना मी संतापून बोलत राहिले, असल्या लोकांना पुरस्कार द्यायचा अधिकार कुणी दिला, वगैरे. भाऊ खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, त्यांना काहीच लागलं नाही.

आठवड्याने एसटीच्या ड्रायव्हरने एक खोकं आणून दिलं. मंडळाने मानपत्र पाठवलं होतं. कसलीच दिलगिरी नाही, नुसती चौकट. मी म्हटलं, परत पाठवा. भाऊ म्हणाले, पाठवू. मग खुर्ची माझ्यापुढे सरकवली. "जरा वाचून दाखवा."

आयुष्यभर तिकिटं वाचलेला माणूस. मी म्हटलं, चष्मा हरवला का? तर म्हणाले, "नाय. ही गेल्यापास्नं घरात माझ्याबद्दल कोन काय बोलत नाय. बरं नाय, वाईट नाय. जरा मोठ्यानं वाचा."

मी वाचू लागले. शेकडो तरुणांचे भाग्यविधाते, असं होतं. "खोटं. गाळा." अखिल जिल्ह्यात कीर्ती. "गाळा." अजिंक्य संघ. "हरलो की आमी. गाळा." असं गाळत गाळत मी शेवटाकडे आले. तिथे नाव कळवताना मीच लिहिलेलं एक वाक्य मंडळाने तसंच छापलं होतं: पाऊस असला तरी मुले येतात आणि भाऊंच्या ओटीवर बसून राहतात.

मी भाऊंकडे पाहिलं. गाळा, म्हणाले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"हे परत वाचा," ते म्हणाले. "सावकाश."