पतीचे नाव बदलण्याची वेळ झाली आहे

कुलपाचा शोध चोरांमुळे लागला, असा एक जुना गैरसमज आहे. चोराचं कुलपावाचून काही अडत नाही. कुलूप असतं ते मालकासाठी. आपल्याच दारात उभं राहून खिसे चाचपताना माणसाला आपली मालकी जितकी जाणवते, तितकी ती सातबारा वाचूनही जाणवत नाही.

हे सत्य किन्हवलीच्या अलीकडच्या एका गावाला जरा उशिरा उमगलं. तिथल्या नळपाणी योजनेच्या पंपघराला कुलूप होतं आणि चावी शेजारच्याच खिळ्याला लटकत असे. (सुरक्षा आणि सोय यांचा इतका सुरेख समतोल पुढे कुणालाच साधला नाही.) ज्याला पाणी हवं तो मोटर चालू करी आणि आठवण होईल तेव्हा बंद करी. आठवण बहुधा जळक्या वासानं होई.

तेव्हा ओमकार पुढे आला. ओमकार हा धर्मा सरपंचांचा मुलगा. कल्याणला एका कंपनीत तो 'वापरसुलभता' बघायचा, म्हणजे बटण हिरवं असावं की निळं यावर मीटिंग घ्यायचा. आपल्या गावासाठी काहीतरी करावं असं त्याला फार वाटे, आणि गावाला ते टाळता आलं नाही.

पहिलं कुलूप त्यानं पासवर्डाचं केलं. त्यात एक मोठं इंग्रजी अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह सक्तीचं. पंप चालवणाऱ्या गिरजाकाकीनं तो पासवर्ड दारावरच खडूनं लिहून ठेवला, लांबून दिसेल असा. दुसरं कुलूप अंगठ्याचं. ते झकास चाललं. मग भाताची आवणी सुरू झाली, चिखलात काकीचा अंगठा झिजला, आणि 'अशी कोणतीही व्यक्ती अस्तित्वात नाही' असा निर्वाळा मशीननं दिला. काकीनं तो शांतपणे ऐकला. (तिची सरकारी कचेऱ्यांत बरीच ये-जा होती.)

तिसरं कुलूप आवाजाचं. मशीन विचारणार, "आपल्या पतीचे नाव सांगा," काकी सांगणार, आणि नाव व आवाज दोन्ही जुळले की दार उघडणार. कुठलीही बाई हे उत्तर विसरणार नाही, असा ओमकारचा सिद्धान्त होता. तो बरोबरच होता. फक्त काकी ते उत्तर देणार नाही, एवढंच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याचं नाव नुसतं असं घेतलं नव्हतं. मशीन विचारत राहिलं, काकी पदर तोंडाला लावत राहिली. शेवटी जमलेल्या बायकांनी आग्रह केला आणि काकी म्हणाली:

"उंबरमाळीच्या डोंगराला ढगाची टोपी,
कोंडूरावांचं नाव घेते, गोष्ट नाय सोपी."

दार उघडलं. (कुलपाला कोंडूहून समर्पक नाव मिळणं तसंही कठीण.) ओमकारनं अहवालात लिहिलं की हा पासवर्ड फोडायचा तर महासंगणकालाही आधी लग्न करावं लागेल. शिवाय त्यानं दोन सोयी जोडल्या. कुलूप तोडलं तर मोटर चालूच होणार नाही; आणि मागच्या दारानं कुणालाही शिरता येणार नाही, खुद्द ओमकारलाही नाही.

मोटर जळायची थांबली. सगळं सुरळीत चाललं ते ओमकारच्या बहिणीच्या, भाविकाच्या, हळदीपर्यंत. त्या सकाळी काकीनं नेहमीसारखा उखाणा घेतला आणि मशीन मंजुळ आवाजात म्हणालं, "सुरक्षेच्या कारणास्तव आपल्या पतीचे नाव बदलण्याची वेळ झाली आहे. जुने नाव यापुढे स्वीकारले जाणार नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

टाकी कोरडी. मांडवात तांदूळ धुवायचे बाकी, मुरबाडचे पाहुणे निघालेले. ओमकार धावत आला. ठरावीक काळानं पासवर्ड बदलायला लावणं हा त्याच्या कंपनीचा नियम होता, आणि तो त्यानं इथे प्रामाणिकपणे उतरवला होता.

"काकी, कुठलंही नाव घे ना. मशीनला काय कळतंय?"

"कुणाचं घेऊ?" काकी म्हणाली. "तुझ्या बापाचं घेऊ?"

धर्मा सरपंच आपल्या चपला निरखू लागले. बाकीचे पुरुषही हळूहळू गर्दीत मागे सरकले. पाणी सगळ्यांना हवं होतं, पण उखाण्यात कुणालाच जायचं नव्हतं. कोंडूकाका एकेकाकडे नीट बघून घेत होता.

तोडगा काढला शेजारच्या धोंडूबाईनं. "नवरा तोच ऱ्हाऊ दे गो. नाव तेवढं बदल त्याचं." (वापरसुलभतेच्या भाषेत याला किमान बदल म्हणतात.)

काका खवळला. नाव आजानं ठेवलेलं, मशीनपायी माणूस नाव बदलतो काय, बदलायचंच तर आधी ग्रामसभा बोलवा, ठराव करा, असं त्याचं म्हणणं पडलं.

काकीनं कळशी खाली ठेवली. "माझं नाय बदललं? मी माहेरची चांगुणा. मांडवात तांदळावर बोट फिरवलंत आणि गिरजा केलीत. तवा नाय कुणी ग्रामसभा घेतली."

काकानं ग्रामसभा मागे घेतली. हळदीच्या मांडवातून तांदळाचं ताट आलं. नाव काकीनंच निवडलं आणि कोंडूकाका दीपेश झाला. (हे नाव इतक्या चटकन कसं सुचलं, ते काका घरी गेल्यावर विचारणार आहे.)

"मुरबाडच्या पाहुण्यांना मांडवाची घाई,
दीपेशरावांचं नाव घेते, सवय अजून नाई."

मोटर सुरू झाली. तांदूळ शिजले, हळद लागली. काकाला आता वरचेवर नवं नाव मिळतं. हाक मारली की तो आधी थांबतो, विचार करतो आणि मग ओ देतो. सुरक्षेच्या दृष्टीनं हे उत्तमच, कारण जे नाव त्याला स्वतःला आठवत नाही, ते दुसरं कोण चोरणार?

ज्या वाचकांना यात हसण्यासारखं वाटलं असेल, त्यांनी आपल्या आईचं लग्नाआधीचं पूर्ण नाव सांगून पाहावं. बँकही कधी कधी तोच प्रश्न विचारते, तुमचीच ओळख पटावी म्हणून.

प्रयत्न तीन मिळतात.