खारट पिल्लाची दृष्ट

एका जंगलात, बाळांनो, अस्वलाचं एक पिल्लू होतं. नाव मोहळ्या. तो एकटा चार पिल्लांचं खायचा, तरी त्याच्या बरगड्या दिसायच्या. तो शी करायला बसला की आसपासची झाडं रिकामी व्हायची. नाकं मुरडू नका. तुम्हीही करता.

आई त्याला चाटायची. "हा खारट लागतो," ती म्हणायची. पण तिचं कोण ऐकणार? अस्वलांत शहाणपण आत्याकडे असतं.

"दृष्ट लागलीय," भागाआत्या म्हणाली. तिने मीठमोहरी ओवाळली आणि वर वाटीभर तूप पाजलं. तूप आत गेलं तसंच बाहेर आलं. मोहळ्या इतका वाळला की त्याला झाडावर चढवेना. आता मात्र आई घाबरली. ती त्याला वैद्यांकडे घेऊन निघाली. आत्याही निघाली, न बोलावता.

वैद्य म्हणजे एक म्हातारं पाणमांजर. त्यांनी पिल्लाचं पोट दाबलं. मग त्याला स्वतः चाटून पाहिलं.

"जठरामागे स्वादुपिंड असतं," ते म्हणाले. "त्याचा रस आतड्यात उतरला तर अन्न अंगी लागतं. ह्याचा रस जन्मापासूनच डिंकासारखा घट्ट. वाट तुंबलीय. अंग खारट लागतं, ती ह्याच दुखण्याची खूण. प्रत्येक जेवणासोबत ही पाचक पूड द्या. आयुष्यभर."

"बरा होईल?" आईने विचारलं.

"मूळ दुखणं जाणार नाही. पण अंग धरेल."

"पूड कशाची?" आत्याने विचारलं.

"डुकराच्या स्वादुपिंडाची."

"शिव शिव! आमच्यात नाही चालत," आत्या म्हणाली आणि ओठांवरची वाळवी पुसली.

आईला भयंकर राग आला. पण नणंदेला उलटून बोलायची तिथे रीत नव्हती. "बरं, वन्सं," ती म्हणाली, आणि रोज जांभळाच्या गरात लपवून पूड देऊ लागली. आत्या रोज दृष्ट काढत राहिली.

मोहळ्या गुबगुबीत झाला. झाडावर चढू लागला. जंगलाने आत्याचा सत्कार केला, शाल दिली. अस्वलाला शाल, पण दिली. आत्याच्या गुहेपुढे रांग लागली.

रांगेत एक कोल्हीण होती. कडेवर हडकुळं पिल्लू. "चाटलं की खारट लागतं हो," ती रडत सांगत होती.

मोहळ्याच्या आईने तिला झुडपामागे ओढलं. "आधी पाणमांजराकडे जा. मग इथे येऊन दृष्टही काढून घे."

"ती कशाला?"

"नाहीतर घरचे पूड देऊ देतील का?"

तात्पर्य : पूड पिल्लाला द्यावी, श्रेय आत्याला. दोन्ही प्रत्येक जेवणासोबत, आयुष्यभर.