सपन शिकणारे सुधाकरभाऊजी

आमचे शेजारी सुधाकरभाऊजी मध्यंतरी भर बाजारात नाक दाबून, तोंड घट्ट मिटून उभे राहायचे. तुम्ही जळगाव जामोदला नवे असता तर घाबरला असता. आम्ही नाही घाबरलो. आपण जागे आहोत की स्वप्नात, एवढंच ते तपासत असायचे.

मोबाइलवर कुणीतरी त्यांना शिकवलं, की झोपेतच माणसाला कळू शकतं, 'हे सपन हाय', आणि मग त्यात मनासारखं वागता येतं. त्यासाठी दिवसा सवय लावायची. नाक दाबूनही श्वास आला, तर सपन. बटन दाबून लाइट लागला नाही, तर सपन.

"सोपं हाय वयनी, जागेपणी झोपेचा अभ्यास कराचा," ते मला म्हणाले. मला ओ की ठो कळलं नाही. मी पिठाची गिरणी चालवणारी बाई, मला गहू-ज्वारीतलं कळतं.

नाकाचा अभ्यास लवकरच आटोपला. भाऊजींनी वांगीवालीच्या टोपलीपुढं नाक दाबलं आणि ती कंबर कसून उठलीच. "काऊन हो, सडली का माही वांगी?" पुढं तिनं त्यांच्या सात पिढ्या काढल्या. तेव्हापासून राहिलं फक्त बटन.

अहो, पण आमच्या गल्लीत विजेची लाइन सारखी जाते! बटन दाबून लाइट न लागणं हेच तर आमचं जागेपण. मी तसं सांगितलंही.

"मंग आत्ता मी जागा हाय?"

"हाय ना बाप्पा!"

"हे तर सपनातली वयनीबी म्हणन."

घ्या! मी कपाळावर हात मारून घेतला.

एवढा खटाटोप होता थोरल्या भावासाठी. मधुकरदादा गिरणीसमोरच राहतात. भाऊजींच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत दादांचं नाव राहून गेलं. दादा लग्नाला आले नाहीत, आणि तेव्हापासून दोघांत अबोला.

"सपनात येते ना दादा," भाऊजी एकदा म्हणाले. "पण मले वाटते खराच आला, मंग माही जीभच उचलत नाई. सपन हाय हे समजलं, तर बोलन मी!"

परवा तिन्हीसांजेला लाइन गेली. गिरणी थांबली, म्हणून मी दादांकडं जाऊन बसले. तेवढ्यात दारात भाऊजी. दुपारचे झोपलेले, आत्ता उठलेले, डोळे तांबारलेले. घरचं बटन दाबून लाइट लागला नाही, म्हणून सरळ इकडं आले असणार. त्यांनी दाराजवळचंही बटन दाबलं. अंधार.

"हाव, सपनच हाय," ते पुटपुटले, आणि सरळ दादांच्या पुढ्यात येऊन बसले.

"दादा, तुह्यं नाव म्या मुद्दाम नाई वगळलं. पत्रिका छापून आल्यावर दिसलं. मंग शरमेनं पाय उचलला नाई."

मी बोलणार, तर दादांनी हातानं मला गप्प केलं. भाऊजींचा अभ्यास त्यांच्याही कानावर होताच, गल्लीत काय लपतं?

"एवढंच होतं तर येऊन सांगाचं ना बे," दादा पुढं सरकून म्हणाले. "पोरीसाठी साडी घेतलती म्या. कपाटातच पडून हाय."

भाऊजी काही बोलणार, तोच लाइन आली. डोक्यावरचा बल्ब पेटला, बाहेर गल्ली उजळली. भाऊजी दचकून उठले. कुठं आलो, काय बोलून बसलो, त्यांना काही उमजेना. तसेच दाराकडं निघाले.

दादांनी झटकन उठून बटन बंद केलं.

"लाइन नाई आली बे. बस. सपनच हाय अजून."

भाऊजींनी उजळलेल्या गल्लीकडं पाहिलं, मग दादांकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं पुन्हा खाली बसले.