खरखर ऐकणारे तात्या

लाईट गेली की आमची अख्खी गल्ली वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडते. एकटे दिगंबरतात्या तेवढे ओट्यावर येऊन छाती भरून श्वास घेतात आणि ओरडतात, "घ्या, घ्या! आता हवा साफ हाय!" आम्ही घामानं निथळत असतो आणि या माणसाचा चेहरा देवदर्शन झाल्यासारखा.

गंमत म्हणजे इंदापुरातल्या निम्म्या घरांचं वायरिंग यांनीच केलंय. माझ्याही. जन्मभर वायरमनचं काम केलं आणि आता सांगतात, या वायरींतनं लहरी सुटतात, भिंतीतनं आरपार जातात आणि माणसाला आतून पोखरतात. अहो, मग आमच्या भिंतीत त्या कोणी घातल्या?

लहरी शोधायला तात्यांकडे एक जुना ट्रान्झिस्टर आहे. काटा दोन स्टेशनांच्या मधे ठेवायचा आणि घरभर फिरायचं. खरखर वाढली की तिथं लहर. "कान लावा की जरा! ऐकलं का?" नाही म्हणायची सोय नाही, तासभर हलत नाहीत. आमच्या देवघरात बायकोनं गणपतीभोवती रंगीत दिव्यांची माळ सोडली होती. तिथं तो ट्रान्झिस्टर असा काही किंचाळला की तात्यांनी हातच जोडले. "देव बोलत न्हाय म्हणून काय त्याला तरास न्हाय व्हय?" तेव्हापासून आमचा गणपती समईवर आलाय.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तात्या मशीनजवळ येत नाहीत. रस्त्यापलीकडूनच हाळी देतात, "दोन कॉपी, पाठपोट!" कागद मीच जाऊन आणायचा, मीच नेऊन द्यायचा. एकदा वैतागून म्हटलं, "तात्या, मी दिवसभर या मशीनला चिकटलेला असतो, माझं काय?" त्यांनी माझ्याकडे इतक्या कळवळ्यानं पाहिलं की मी संध्याकाळी गुपचूप बीपी तपासून आलो.

मोबाईल आहे त्यांच्याकडे, पण तो ज्वारीच्या पत्र्याच्या डब्यात. सकाळी एकदा नि संध्याकाळी एकदा बाहेर निघतो. मधल्या वेळात फोन लागेल कसा, कपाळ! त्यामुळे त्यांची एकुलती एक लेक शुभांगी फोन करते तो मला.

शुभांगीला बारामतीला दिलीय. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरी बसून करते. पहिलटकरीण. सातवा लागला तेव्हा तिचा फोन आला. "काका, तात्यांना सांगा, मला बाळंतपणाला माहेरीच यायचंय. पण रजा लागायला अजून दोन महिने आहेत. तिकडं वायफाय नसेल तर सासूबाई म्हणतात, इथंच करू सगळं."

मला वाटलं, तात्या एका पायावर तयार होतील. मंदाकाकू, म्हणजे त्यांची बायको, जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात हे एकटे. लेक येणार म्हणून गल्लीतल्या बायकांना विचारून विचारून डिंकाचे लाडू वळायला शिकले होते. पहिले लाडू इतके कडक झाले होते की फोडायला बत्ता लागला. दुसऱ्या खेपेचे बरे होते, मी खाल्लेत.

पण वायफाय म्हटल्यावर माणूस ताडकन उठला. "न्हाय! ती पेटी माझ्या घरात न्हाय. पोटात लेकरू हाय तिच्या."

"अहो, त्यानं काही होत नाही."

"तुमी डॉक्टर हाय का?"

माझं डोकंच फिरलं. "मग बसा लाडू खात एकटेच!" असं बोलून गेलो. बोलल्यावर मलाच कसंतरी झालं.

तात्या हात धरून मला आत घेऊन गेले आणि भिंतीवर गिलाव्याचा एक नवा चौकोन होता, त्यावर हात ठेवला. "हितं मेनबोर्ड हुता. मीच बसवलेला. आन भिंतीपल्याड मंदाची उशी. वीस वर्षं."

मंदाकाकूंच्या डोक्यात गाठ झाली होती.

"डॉक्टर म्हणले, तात्या, त्याचा नि ह्याचा काय संबंध न्हाय. तीनदा इचारलं, तीनदा तेच म्हणले. पर बोर्ड मीच बसवला हुता ना?"

हा माणूस गल्लीभर घरोघरी काय हुडकत फिरतो, ते तेव्हा कळलं. इतके दिवस हसलो त्याची लाज वाटली.

पुढचे चार दिवस तात्या फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी सरळ रस्ता ओलांडून दुकानात आले. मशीन चालू होतं, तरी शेजारी उभे राहिले.

"सांगा त्या वायफायवाल्यांना पेटी बसवायला. आई तर न्हायच तिला. माहेर तरी ऱ्हाऊ दे."

पेटी बाहेरच्या खोलीत बसली. वायर तात्यांनी स्वतःच ओढली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. शुभांगी आली, मागच्या खोलीत तिनं लॅपटॉप मांडला, काम सुरू झालं.

आठवड्यानं दुपारी सहज डोकावलो. तात्यांचा लोखंडी पलंग नेहमीच्या जागेवर नव्हता. मधल्या खोलीत आडवा टाकलेला होता, अगदी पेटीच्या आणि लेकीच्या खोलीच्या मधोमध.

"पलंग इकडं कसा, तात्या?"

त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. "हळू बोला. तिला सांगितलंय, हितं वारं चांगलं लागतं."

त्या खोलीला खिडकीच नाही.

तात्या पलंगावरची चादर सारखी करत म्हणाले, "मधी मी असलो म्हंजी कसं, जे काय यायचं ते आदी माझ्यात शिरंल. तिच्यापतूर जायाचं न्हाय."