घरतांचा हळदीचा कोट

लढाईतल्या वैमानिकाचं अस्सल चामडी जाकीट नुसतं हात फिरवून ओळखणारा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये एकच आहे, असं दिनानाथ गुप्ते छातीठोकपणे सांगत. त्यात खोटं काहीच नव्हतं. दुसऱ्या कुणाला ते ओळखायचंच नव्हतं.

गुप्ते तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. दुसऱ्या महायुद्धात गोऱ्या वैमानिकांनी घातलेली, आतून मेंढीची लोकर लावलेली तीन जाकिटं त्यांनी जमवली होती. एक देवळालीच्या जुन्या बाजारात मिळालेलं, दोन मुंबईत एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या लिलावात. पनवेलच्या दमट हवेत चामड्याला बुरशी येते, म्हणून कपाटात चाळीसचा बल्ब चोवीस तास जळत असे. कपाटात जाकिटं, आणि बायकोच्या, म्हणजे कुमुदच्या, साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत, अशी घरातली वाटणी होती.

एक्क्याण्णवच्या दिवाळीत कारखान्यातल्या बॉयलरवरचा भगवान घरत बोलता बोलता म्हणाला, की आमच्याकडं पण असला एक कोट हाय. गुप्त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. पुढच्याच रविवारी ते स्कूटरवरून चिरनेरच्या अलीकडच्या त्याच्या गावी हजर झाले.

कोटाची कथा अशी, की लढाईच्या काळात एक विमान गावाजवळच्या मिठागरात उतरलं आणि कमरेइतक्या चिखलात रुतलेल्या साहेबाला भगवानच्या बापाने ओढून बाहेर काढलं. साहेबाने अंगातला कोट काढून त्याला दिला. नेमकी त्याच दिवशी बापाची हळद होती. तो आहे तसा कोट घालून पाटावर बसला, आणि तेव्हापासून घरतांच्या भावकीतला प्रत्येक नवरदेव हळदीला तोच कोट घालत आला. गुप्त्यांनी कोट हातात घेतला तेव्हा चामडं कुठे दिसतच नव्हतं. वर हळदीचा जाड थर होता, वाळलेल्या शेतासारखा भेगाळलेला. गुप्त्यांना अक्षरशः भरून आलं. विकायला घरत तयार नव्हते. मात्र घरात उंदीर फार झाले होते, त्यामुळे सांभाळायला द्यायला त्यांची ना नव्हती. अट एकच, वैशाखात बळीरामचं लग्न आहे, हळदीच्या दिवशी कोट दारात हवा. बळीराम म्हणजे भगवानचा थोरला मुलगा. गुप्त्यांनी शब्द दिला.

घरी येऊन त्यांनी बाह्या सरसावल्या. कुमुदने विचारलं, त्यांना विचारलंत का? गुप्ते म्हणाले, मळ काढायला कोणी परवानगी मागतं का? त्यांनी पुण्याहून घोड्याच्या खोगिराचा खास साबण मागवला आणि पहिला हात फिरवला. कोट लालभडक झाला. गुप्ते मटकन खाली बसले आणि साहेबाचं रक्त वर आलं असावं अशी शंका त्यांनी बोलून दाखवली. कुमुद पोळ्या लाटता लाटता म्हणाली, की हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे पदराला आमटी सांडलेल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. उन्हात ठेवा, डाग उडेल.

चामड्याला ऊन दाखवणं गुप्त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पण त्यांनी तत्त्व गिळलं. आठ रविवार खरवडणं, पुसणं आणि गच्चीवर पहारा करणं चाललं. शेवटी आतून तपकिरी, तुकतुकीत, एखाद्या संग्रहालयात शोभेल असं जाकीट निघालं. पुढची चेनसुद्धा सरळ वरखाली होऊ लागली. गुप्ते दिवसातून तीनदा कपाट उघडून बघत.

हळदीच्या दिवशी चार वाजता गुप्ते आणि कुमुद मांडवात पोचले. उशीच्या स्वच्छ अभ्र्यातून गुप्त्यांनी कोट बाहेर काढला, दोन्ही हातांनी उंच धरला आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

बेंजोवाले थांबले. भगवानने कोट उलटासुलटा करून पाहिला, मग अभ्र्यात हात घालून चाचपलं.

"साहेब," तो म्हणाला, "कोट कुठं हाय?"

"हाच की."

"ह्यो आमचा नाय."

भगवानच्या काकाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की शहरातल्या लोकांचं हे असंच, जुना माल विकायचा आणि दुकानातला नवा आणून द्यायचा. गुप्त्यांच्या कारागिरीचं इतकं मोठं कौतुक पुन्हा कधी झालं नाही, पण त्या घडीला त्यांना ते समजलं नाही. ते आतलं लेबल दाखवू लागले, त्यावरचा नंबर वाचू लागले. नंबरात कोणाला रस नव्हता. बळीराम म्हणाला, की माझ्या आज्याचा कोट आल्याशिवाय मी पाटावर बसणार नाय. बायकांची गाणी थांबली. भगवान एकदा मुलाकडे आणि एकदा साहेबांकडे बघत राहिला. कोट साहेबांकडे द्यायचं त्यानेच भावकीला पटवलं होतं.

शेवटी भगवानच्या आईला, जनीला, बोलावलं. सत्तरीला टेकलेली जनी विधवा म्हणून मांडवाच्या कडेला बसली होती. तिने कोट मांडीवर घेतला आणि बाहीत हात घालून काखेपाशी नेला. तिथे मासळीच्या जाळ्याच्या दोऱ्याने घातलेले चार आडवेतिडवे टाके होते. ते उसवून नीट घालायचा गुप्त्यांचा बेत मनासारखा दोरा न मिळाल्याने राहिला होता.

"कोट ह्योच," जनी म्हणाली. "ह्ये टाकं माझं. पन ह्यांची हलद गेली."

ती रागावली नाही. नुसती कोटावरून हात फिरवत राहिली. गुप्त्यांना आपले आठ रविवार एकदम आठवले, आणि कुमुदकडे बघायचं धाडस झालं नाही.

"मावशी, चुकलं माझं," ते म्हणाले. "मला तो मळ वाटला."

जनीने निकाल दिला. "ज्यानं धुतली त्यानं पाटावर बसायचं. ज्यानं ज्यानं कोट घातलाय, त्यानं आपापली परत लावायची. मग बळीराम घालंल."

सेहेचाळीस वर्षांचे, एका मुलीचे बाप दिनानाथ गुप्ते, मेच्या उकाड्यात लोकरीचं जाकीट घालून पाटावर बसले. चामड्याला तेलकट हात लावू नये असं बजावणाऱ्या या माणसाच्या अंगावर एकवीस बाप्ये तेलात कालवलेली हळद मुठी भरभरून थापत होते. भगवानने पहिली मूठ उचलली, तेव्हा जनी लांबूनच म्हणाली, "थांब. आधी बापाची लाव, मग तुझी." भगवानने पहिली मूठ छातीवर, डाव्या बाजूला लावली आणि काही क्षण हात तिथेच ठेवला. जनीने डोळ्याला पदर लावला. मग काका आला. त्याने कोटापेक्षा गुप्त्यांच्या कानांनाच जास्त हळद लावली. बेंजो पुन्हा सुरू झाला. कुमुद बायकांत बसून इतकी हसत होती, की तिला पाणी द्यावं लागलं.

ओला कोट बळीरामने घातला आणि लग्न रीतसर लागलं. आठवड्याने भगवानने कोट स्टोअरमध्ये आणून दिला. आई म्हणते, तुमच्याकडेच ठेवा, उंदरांपासून जपा, आणि पाणी लावू नका.

जुलैत पनवेलला सलग नऊ दिवस वीज नव्हती. बल्ब विझला आणि लाँड्रीतल्या, देवळालीच्या तिन्ही जाकिटांवर पांढरी बुरशी चढली. घरतांचा कोट मात्र तसाच होता. लोण्यासारखा मऊ, पिवळाधमक, बुरशीचा ठिपका नाही. गुप्ते दोन दिवस त्याच्यासमोर बसून होते.

तिसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघरात आले आणि घसा खाकरून त्यांनी विचारलं, "घरात हळद किती आहे गं?"

कुमुदने हळदीचा डबा उचलून वरच्या फळीवर, पार मागे सरकवला.

"आमटीपुरती," ती म्हणाली.