टायरांचं न्हाणं

माझ्या नातवंडांना मी फार शहाणी वाटते. म्हणून आधीच सांगून टाकते: एका शुक्रवारी सकाळी मी एका जीपगाडीच्या चारही टायरांना तिळाचं तेल चोळलं. चांगलं कोमट करून. आमच्या कुंभकोणमात तेल लावून न्हायचा बायकांचा वार शुक्रवार, पुरुषांचा शनिवार. टायर बाई की पुरुष, हा विचारही मी केला. शुक्रवार होता, म्हणून बाई ठरवून टाकलं. तेव्हा वय चाळिशीपार गेलं होतं, अक्कल अजून रांगत होती.

गाडी व्यंकटरावभावजींच्या ताब्यातली. भावजी म्हणजे माझे थोरले दीर. मूलबाळ नाही, जाऊबाई गेलेल्या, शेजारच्या घरात एकटेच राहायचे. तिरुभुवनमच्या एका रेशीमवाल्याचा कारभार ते पाहायचे. त्या शेटजींनी नव्वद सालानंतरच्या नव्या हौसेने एक दांडगी जीप तीन वर्षांच्या करारावर भाड्याने आणली. इंजिन डोंगर चढायचं, आणि आमच्या गावात चढ म्हणजे घराच्या पायऱ्या. त्यात चालवणार भावजी! सायकलवाले घंटी वाजवून पुढे निघून जायचे.

करारात एक कलम होतं. गाडी परत देताना टायर झिजलेले, चिरलेले दिसले तर आपण नवे घालून द्यायचे. शेटजी ते विसरूनही गेले. भावजींनी मात्र व्रत घेतलं.

"परक्याचं लेकरू आहे गे," ते म्हणायचे. "दिलं तसं परत द्यायचं."

महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना आमची मराठी पणजोबांच्या पेटीतून काढल्यासारखी वाटते. भावजींची तर पेटीच्या तळातली.

रोज सकाळी ऊन चढायच्या आत ते हवा तपासायचे. मग काडेपेटीतली काडी टायरच्या खाचेत उभी करून पाहायचे. काडीचं डोकं खाचेत बुडालं की चेहऱ्यावर समाधान. पुढची चाकं मागे, मागची पुढे, आणि स्टेपनीलाही पाळी. "ती काय नुसती टांगून घ्यायला आली?" माणसांनाही हाच न्याय. पट्टीश्वरमला जाताना मी डावीकडे बसले तर येताना उजवीकडे. "एका अंगाला भार नको." माझ्या वजनाबद्दल इतक्या सभ्यपणे दुसरं कोणी कधी बोललं नाही.

सुगीत शेतकरी उडदाची झाडं रस्त्यावर पसरतात, गाड्यांनी मळणी व्हावी म्हणून. बाकीचे ड्रायव्हर वैतागायचे. भावजी खूश! त्यावरून जायचे, वळून पुन्हा यायचे. "टायरांना गादी मिळाली गे!" शेतकरी हात जोडायचे आणि भावजी त्यांना हात जोडायचे.

हा स्वभाव गाडीपासूनचा नव्हे. मला जुळी झाली तेव्हा आम्ही मदुरैला राहायचो आणि मी महिनोन् महिने अंथरुणाला खिळले होते. थोरली मालू तेव्हा तीन वर्षांची. तिला भावजी आणि जाऊबाई कुंभकोणमला घेऊन आले आणि दोन वर्षांनी शाळेच्या वेळेला आणून पोचवली. मालू सांगते, देवळात जाताना काका तिला डाव्या खांद्यावर घ्यायचे आणि येताना उजव्या.

तर तो शुक्रवार. गाडी परत न्यायला भाड्याच्या कंपनीचा माणूस मद्रासहून यायचा होता. मला वाटलं, लेक सासरी जाते, न्हाऊमाखू घालून पाठवावी. भावजी देवळातून आले ते दारातच थबकले.

"अय्यो! हे काय जालं?"

"न्हाऊ घातलं, भावजी. कशी चमकतात पाहा!"

"तेलाने रबर खराब होतं गे! घसरेल गाडी!"

मी रडायच्या बेतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टायरांकडे पाहिलं, आणि धोतर खोचलं.

"तेल लावलंस. आता शिकेकाई कोण लावणार?"

मग आम्ही दोघांनी अंगणात बसून चारही टायर शिकेकाईने धुतले. शेजारीण कुंपणावरून विचारते, "केस किती लांब आहेत हो?" भावजी म्हणाले, "सुकल्यावर कळेल."

कंपनीचा तरुण आला. वाकला, खाचेत नख घातलं, मग नाक जवळ नेलं. "सार, टायरला शिकेकाईचा वास येतो."

"शुक्रवार आहे," भावजी म्हणाले.

तो हसला. पण मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला त्याचं बोट अडकलं. तिथे बोटभर चीर होती. दारासुरमच्या वळणावर वासरू आडवं आलं तेव्हा भावजींनी गाडी दगडावर घातली होती, तेव्हाची. "हा बदलून द्या," एवढंच म्हणाला. बाकी टायरांबद्दल अक्षर नाही. भावजींनी वाद घातला नाही. दुकानातून नवा टायर आणून बसवून दिला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत उभे राहिले.

मला राग आवरेना. "काय माणूस हो! तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलंत, ते दिसलं नाही, चीर तेवढी दिसली!"

भावजी पायरीवर बसून तेलकट फडकं पिळत होते. वर न पाहता म्हणाले, "त्याचं कामच ते, कमळे. मालूला आम्ही परत आणली, तेव्हा तूही दारातच तिच्या गुडघ्यावरचा वण पाह्यलास. हे कसं जालं, विचारलंस. तुझी जाऊ परतताना बसमध्ये सगळी वाट एकच म्हणत होती. केवढी वाढली, ते नाही विचारलं गे."