धुतलेल्या पायांची अट

शास्त्रातलं वचन नुसतं ऐकून भागत नाही, ते आजच्या जीवनाला लागू करावं लागतं. आणि काहीही लागू करायचं म्हटलं की आधी समिती नेमावी लागते. सरावलीच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत (हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल, जिना मागच्या बाजूने) हे काम वचन उपयोजन समिती पाहते. अध्यक्ष बळवंत साळवे. तारापूरकडच्या एका रंगाच्या कारखान्यात ते तपासणी खात्यात आहेत, त्यामुळे नियमाबाहेरची वस्तू त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

समितीची आजवरची कामगिरी कोणालाही अभिमान वाटावा अशी आहे. शत्रूंवर प्रीती करा, या शिकवणीसाठी सभासदांकडून आपापल्या शत्रूंची नावं मागवण्यात आली. एकानेही नाव दिलं नाही, तेव्हा मंडळीत शत्रुत्व शिल्लक नसल्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हा मुद्दा हॉलसाठी पंखे दान मिळाले त्या वेळी आला. दात्यांची नावं पात्यांवर ठळक अक्षरांत रंगवली. पंखा फिरत असताना नाव वाचता येत नाही, म्हणजे दान गुप्तच राहतं. (वीज गेल्यावर जे दिसतं, त्याला समितीचा इलाज नाही.)

यंदा उपवासकाळात पाळक विक्रम गायकवाड यांनी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्या प्रसंगावर उपदेश केला आणि तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा अशी त्याचीच आज्ञा असल्याची आठवण दिली. समितीने त्यासाठी पवित्र गुरुवारची संध्याकाळ मुक्रर केली.

इथे एक पेच उभा राहिला. पाय धुवायला सगळेच तयार, धुऊन घ्यायला कोणी नाही. आणि ते रास्तच होतं. धुणारा नम्र ठरतो. ज्याचे धुतात त्याचे पाय मळलेले होते एवढंच सिद्ध होतं. नम्रतेसाठी अशी चढाओढ लागली की सर्वांत नम्र कोण यावरून महिला मंडळात दोन तट पडले आणि एकमेकींकडे जाणं-येणं बंद झालं. शेवटी बळवंतरावांनी अट घातली: पाय घरूनच धुऊन, पुसून, नखं कापून आणावेत. लगेच पायांचा तुटवडा संपला. पाळकबाई तर बोईसर स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये जाऊन आल्या.

टब मात्र हॉलखाली मासळी विकायला बसणाऱ्या मुरबे गावच्या हंसाबाईंकडून उसना आणावा लागला. त्याला बोंबलांचा वास होता. पाळक म्हणाले, शिष्यांत कोळी होतेच, वास शास्त्राला धरून आहे. बळवंतरावांनी तरीही पाण्यात गुलाबपाणी ओतलं.

गुरुवारी पहिल्या खुर्चीवरचे पाय धुणं बळवंतरावांच्या वाट्याला होतं. त्या खुर्चीवर बसायचा तो माणूस ऐन वेळी आला नाही, म्हणून पाळकांनी जिन्यातून वर येणाऱ्या पहिल्या माणसाला हाताला धरून बसवलं. तो देवू निघाला, बळवंतरावांचा धाकटा भाऊ.

दोघं भाऊ एकाच चाळीत भिंतीला भिंत लावून राहतात आणि तीन वर्षं बोलत नाहीत. आईचं शेवटचं आजारपण देवूने काढलं. तिच्या थडग्यावरच्या दगडावर मात्र बळवंतरावांनी एकट्याचं नाव घातलं. जागा कमी पडली, असं ते सांगतात. (नावाखाली 'अध्यक्ष, वचन उपयोजन समिती' एवढं बसलं.) तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नाही, देवूची फार आठवण येते, पण हे त्यांच्या बायकोलाच ठाऊक आहे, समितीला नाही.

देवू रंगाच्या कारखान्यातली पाळी संपवून थेट आला होता. त्याने बूट काढले, तर घोट्यापर्यंत पाय जांभळे. हा रंग कापडासाठी करतात, पण कामगाराच्या कातडीवर बसला की आठवडेच्या आठवडे हलत नाही.

बळवंतराव गुडघ्यांवर बसलेलेच होते. ते पाय बघून त्यांना भरून आलं. त्यांच्या वडलांचे पायही असेच असायचे. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं. कीर्ती नावाच्या मुलीने फोटोसाठी मोबाईल वर धरला.

"दादा, रंग काय जानार नाय," देवू हळूच म्हणाला. "पन तू धू. मला बरं वाटंल."

तीन वर्षांतलं हे पहिलं बोलणं. माझं चुकलं, हे शब्द बळवंतरावांच्या ओठांवर आलेही होते. पण सगळी हयात तपासणीत गेलेली. त्यांना अट आठवली. अट त्यांचीच, आणि भावाला सूट दिली तर तो पक्षपात झाला असता. पक्षपात शास्त्राला मंजूर नाही.

"हे पाय नियमात बसत नाहीत," ते म्हणाले, आणि ओंजळीतलं पाणी टबात सोडून दिलं.

देवूने बूट चढवले आणि तो जिना उतरून गेला. त्याच्या जागी पाळकबाई बसल्या. फोटो फार छान आला.

ईस्टरनंतरच्या रविवारी पाळकांनी नवा उपदेश केला: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं मन आपल्यामुळे दुखावलंय असं तिथे आठवलं, तर अर्पण तसंच ठेव, आधी भावाकडे जा. बोलताना पाळक सारखे पहिल्या रांगेकडे बघत होते. पहिल्या रांगेत बळवंतराव होते. त्यांनी मागे वळून पाहिलं, देवू आलेला नव्हता. ज्याच्यासाठी उपदेश, नेमका तोच गैरहजर, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. घरी पोचताच त्यांनी उपदेशाचं रेकॉर्डिंग देवूच्या व्हॉट्सॲपवर पाठवून दिलं.

संध्याकाळी भिंतीपलीकडून पाळकांचा आवाज आला. देवूने शेवटपर्यंत ऐकलं, मग सगळं शांत झालं. बळवंतरावांनी दार सताड उघडं टाकलं, बायकोला चहाचं आधण ठेवायला सांगितलं आणि देवूची वाट बघत बसले. आधण आटलं, तिने पुन्हा ठेवलं. तुम्हीच का जात नाही, असं तिने विचारलं. पलीकडचं दार हाकेच्याही अलीकडे होतं. पण वचन लागू होत होतं ते देवूला, त्यांना नव्हे.

असतात अशी माणसं. वाचता वाचता तुमच्याही डोळ्यांपुढे एखादा बळवंत उभा राहिला असेल आणि ही गोष्ट त्याला पाठवावी असं वाटलं असेल. जरूर पाठवा. तो ती शेवटपर्यंत वाचेल, मान डोलवेल, आता ही कोणाला पाठवावी याचा विचार करेल, आणि त्याला सगळ्यात आधी तुमचंच नाव सुचेल.